दिशांचे माप आणि सुट्टीचा बेत

खानदेशातील जैन घरांत ‘सुट्टी’ हा शब्द फार उशिरा रुजला. त्याआधी होती ती यात्रा. परीक्षा आटोपल्या की पालिताणा, शंखेश्वर, सम्मेदशिखर यांपैकी एखादे नाव निघे. मोठा प्रवास जमला नाही तर साक्री तालुक्यातील बलसाणे किंवा सटाण्याजवळचे मांगीतुंगी, आणि तेही नाही तर जिथे महाराज साहेबांचा चातुर्मास असेल तिथे गुरुदर्शन. शिदोरीत खाकरे, मेथीचे ठेपले आणि जळगावच्या कच्च्या केळ्यांचे वेफर असत. मुलांच्या मौजेचा वेगळा विचार करण्याची पद्धत नव्हती. धर्मशाळेच्या ओसरीवर दहा भावंडे एकत्र झोपली की मौज आपोआप होत असे.

पहिला फरक पडला तो १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाल्यावर. जळगाव-धुळ्याची मुले मामाच्या घरी मुंबईला गेली की एक दिवस तिकडे जाऊ लागली. तिथे पोहोचायला खाडी बोटीने ओलांडावी लागे. परत आल्यावर मुले पाळण्यांइतकेच त्या बोटीविषयी बोलत. पांझरा आणि गिरणा यांची उन्हाळ्यातील कोरडी पात्रे पाहिलेल्या मुलांना पायाखाली हलणारे पाणी हेच मोठे नवल होते. ते उद्यान आता बंद झाले. परंतु पाळणे आणि बोट एकाच सहलीत हवी ही इच्छा त्या पिढीच्या मनात राहिली, आणि आज तीच पिढी आपल्या मुलांसाठी ‘थीम पार्क आणि क्रूझ’ असा जोडबेत आखताना दिसते.

जळगावातील एका कुटुंबात गेल्या भाऊबीजेला असाच बेत मांडला गेला. घर ओसवालांचे, व्यवसाय कापडाचा. दादाजी शहात्तर वर्षांचे, दादीजी बहात्तरच्या. थोरला मुलगा दुकान पाहतो, धाकटा पुण्याला नोकरीत आहे, आणि मुलगी, म्हणजे मुलांच्या भुआ, धुळ्याला दिलेल्या. जावई, सुना आणि नातवंडे धरून मंडळी बारा. सर्वांत लहान नात चार वर्षांची, सर्वांत मोठा नातू भुआंचा, एकोणीस वर्षांचा आणि विधी शाखेच्या पहिल्या वर्षात शिकणारा. थोरली नात सोळाची. दोन वर्षांनी शिक्षणासाठी बाहेर पडणार. मग बाराजण एका वेळी एका ठिकाणी सापडणे कठीण, म्हणून सहल याच वर्षी व्हावी असे सर्वांचे मत.

धाकट्याने पुण्याहून सगळी तयारी करून आणली होती. मुंबईहून विमानाने सिंगापूर, सेंटोसा बेटावर २०१० पासून असलेल्या युनिव्हर्सल स्टुडिओजजवळ तीन दिवस मुक्काम, आणि तिथल्याच बंदरातून तीन रात्रींची क्रूझ. जैन भोजनाची चौकशी झालेली होती. तारखा, खोल्या, खर्च यांचा तक्ता तयार होता. सर्वांनी तो पाहिला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. दादीजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “विमान किती उंच जाते?”

सुमारे दहा हजार मीटर, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुनी वही आणून समोर ठेवली. अनेक वर्षांपूर्वी एका चातुर्मासात साध्वीजींच्या सान्निध्यात त्यांनी श्रावकाची व्रते घेतली होती. त्यांतील सहावे व्रत दिशा-परिमाणाचे. चारही दिशांना भारताच्या सीमेपर्यंत, खाली विहिरीच्या तळापर्यंत आणि वर सम्मेदशिखराचा डोंगर चढण्यापुरते, अशी मर्यादा त्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेली होती. हा डोंगर चार हजार फुटांहून थोडा उंच. घरात कोणाला या व्रताची कल्पना नव्हती असे नाही. परंतु त्यांना विमानात बसवण्याचा प्रसंग कधी आला नाही, म्हणून ते कोणाच्या स्मरणातही राहिले नव्हते.

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी पहिली पाच सर्वांना ठाऊक असतात. सहाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. माणसाने आयुष्यात कोणत्या दिशेला किती दूर जायचे याचे माप स्वतःच ठरवायचे आणि त्यापलीकडे आपल्या हातून होणाऱ्या सर्व हिंसेला, व्यवहाराला आणि लोभाला आपोआप विराम द्यायचा, असा त्याचा अर्थ. एवढे विशाल जग आहे. त्यातला एवढाच भाग माझा. बाकीच्या जगाला माझ्याकडून अभय.

हे व्रत प्रवासाच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. त्याने भगवान महावीरांसमोर व्रते घेतली तेव्हा गाड्या आणि जहाजे सोडून दिली नाहीत, त्यांची संख्या ठरवली. दूरच्या प्रवासासाठी पाचशे गाड्या आणि मालवाहतुकीसाठी पाचशे; दूरच्या प्रवासासाठी चार जहाजे आणि मालासाठी चार. ज्ञाताधर्मकथेतील चंपानगरीचा अर्हन्नक श्रावक तर समुद्रावरचाच व्यापारी. भर समुद्रात देवाने त्याची परीक्षा पाहिली, गलबत उलथून टाकण्याची भीती घातली, तरी तो धर्मापासून ढळला नाही. आयंबिलच्या ओळीत घरोघरी ऐकली जाणारी श्रीपाळ राजाची कथाही जहाजांनी भरलेली आहे. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी वीरचंद राघवजी गांधी समुद्रमार्गे गेले, तेव्हा समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातील काहींनी त्यांना विरोध केला. परंतु तो विरोध त्या काळच्या रूढीचा होता. आगमांतले श्रावक समुद्राला भीत नव्हते. ते मापाशिवाय निघत नव्हते, एवढेच.

त्या संध्याकाळी वहीवर बराच खल झाला. जावईबापूंनी व्यापारी बुद्धीने सुचवले, की उत्तरेला हिमालयापर्यंतची मर्यादा आहे आणि तिकडे तर आता जाणे होणार नाही. मग तिकडचे काही अंतर आग्नेयेला वळते केले तर? दादीजी हसल्या. ही युक्ती नवी नाही. एका दिशेचे अंतर कमी करून दुसऱ्या दिशेला वाढवणे याला शास्त्रात क्षेत्रवृद्धी म्हणतात, आणि तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या या व्रताच्या पाच अतिचारांत तिचा समावेश आहे. वरची, खालची किंवा तिरपी मर्यादा ओलांडणे हे तीन, क्षेत्रवृद्धी हा चौथा, आणि आपण ठरवलेली मर्यादा विसरून जाणे हा पाचवा. ज्याने हिशेबाच्या वह्या सांभाळल्या आहेत त्याला यातील मर्म लगेच कळेल. एका खात्यावरची शिल्लक दुसऱ्या खात्यावर परस्पर ओढली की जमाखर्च जुळतो, पण खाते खोटे होते.

अकरा वर्षांच्या नातवाची शंका आणखी वेगळी होती. रोलर कोस्टर वर जातो, तेव्हा दादीजींचे ऊर्ध्व दिशेचे व्रत मोडेल का? सगळे हसले. दादीजींनी मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. शिखरजीच्या डोंगरापुढे तो पाळणा किती उंच, हे त्यालाच शोधायला सांगितले. डोंगर पाळण्याच्या कितीतरी पट उंच निघाला. व्रत सुरक्षित राहिले. पाळण्यात बसायचे की नाही हा मग फक्त गुडघ्यांचा प्रश्न उरला.

यानंतर घरात एक अवघड गोष्ट घडली, जी अनेक घरांत घडते. दादीजींनी स्वतःच सांगितले, “तुम्ही सगळे जाऊन या, मी धुळ्याला लेकीच्या घरी राहीन.” पण भुआ तर सहलीत होत्या, म्हणजे त्या घरालाही कुलूपच लागणार होते. मग शेजारी, मग दूरची नणंद, अशी नावे निघू लागली. तेव्हा सोळा वर्षांची नात म्हणाली, की बाराजण एकत्र यावेत म्हणून सहल काढली आणि पहिल्याच दिवशी अकराजणांचा हिशेब सुरू झाला. सिंगापूरचा तक्ता त्या रात्री मिटला गेला. धाकट्याला वाईट वाटले, यात संशय नाही. आठ दिवस त्याचा फोनही आला नाही. नवव्या दिवशी आला तो नवा तक्ता घेऊन.

नवा बेत महाराष्ट्रातला होता. रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ पासून इमॅजिका हे उद्यान आहे. शेजारीच मुक्कामाची सोय आहे आणि वॉटर पार्कही आहे. मुंबईहून गोव्याकडे २०२१ पासून कॉर्डेलियाची क्रूझ निघते. तिच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाची बांधणी १९९० ची. तेव्हा आधी खोपोली, नंतर मुंबई आणि तिथून जहाज, असा क्रम ठरला. रेल्वेने जळगावहून कल्याण आणि पुढे कर्जतमार्गे खोपोली. धुळ्याची गाडी नाशिक, कसारा घाट करीत तिथेच येऊन मिळेल.

काळ कोणता, यावर सर्वांत अधिक चर्चा झाली. दिवाळीची सुट्टी चातुर्मासात येते, म्हणून ती वगळली. पावसाळ्यात तर समुद्रच खवळलेला. कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, आणि त्याच काळात साधु-साध्वींचा विहारही थांबलेला असतो. राहिले नाताळ आणि मे. थोरल्या सुनेने पंचांग काढले. घरात चौघांचा नित्य चौविहार आहे, दोघांची नवकारसी. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. उद्यानातून खोलीवर येऊन हातपाय धुईपर्यंतच अंधार पडणार. सकाळी सूर्योदय सात वाजून गेल्यावर, त्यात नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे मिळवली की नाश्ता आठच्या सुमारास. मे महिन्यात तोच सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातनंतर मावळतो. तेरा तासांचा दिवस हाती येतो. शिवाय जळगावला पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना घाट उतरून कोकणात जाण्याचे कोणालाच दुःख नव्हते, जरी तिथला दमटपणा ध्यानात घेऊन दुपारी बारा ते चार वडीलधाऱ्यांनी खोलीतच राहायचे असे ठरले. आखाजीला भुआ माहेरी येतातच. वर्षीतपाची पारणी आटोपून, झोका खेळून झाला की तिथूनच निघायचे, हे सर्वांना पटले.

भोजनाचा प्रश्न वाटतो तेवढा कठीण नसतो, पण तो आधी सोडवावा लागतो. आजकाल मोठी हॉटेले आणि जहाजे आगाऊ कळवल्यास कंदमुळाविना जेवण देतात. विचारायला हवे ते पुढचे. रात्रीच्या जेवणाची वेळ सूर्यास्तापूर्वीची मिळेल का? उकळलेले पाणी कोठे मिळेल? अशा ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास बहुधा बंदी असते, आणि जहाजाच्या खोलीत विजेची किटली वापरता येत नाही. म्हणून ‘खाकरे तर आहेतच’ या भरवशावर निघू नये. भुआंनी हे सर्व प्रश्न लिहून पाठवले आणि उत्तरेही लेखीच मागवली. तोंडी ‘हो’ आणि लेखी ‘हो’ यांत काय अंतर असते ते व्यापाऱ्यांच्या घरात सांगावे लागत नाही.

लहान मुलांच्या बाबतीतही मर्यादा होतीच. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, दारातच पट्टी लावून मुलांना मोजतात. चार वर्षांच्या नातीला बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळणार नव्हता. म्हणून ती आणि दादीजी यांचा दिवस एकत्र आखला गेला. एकीला उंचीने अडवलेले, दुसरीला गुडघ्यांनी.

खर्चाचे सूत्र दादाजींनी पहिल्या दिवशीच घालून दिले होते. आधी रक्कम ठरेल, मग ठिकाण; सहलीसाठी हप्ते बांधायचे नाहीत. आजारपणासाठी कर्ज काढावे लागले तर काढावे, पाळण्यांसाठी काढू नये, असे त्यांचे मत. परदेशी सहलीच्या रकमेवर उगमस्थानी कर वसूल होतो. विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, पण तोवर पैसा अडकतो. तो विषय आता उरला नाही. जहाजाचे भाडे बहुधा एका खोलीत दोन माणसे धरून माणशी सांगितलेले असते. त्याच खोलीतील तिसऱ्या-चौथ्याला कमी पडते, एकट्याला जास्त. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी वेगळे असू शकतात. म्हणून जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष द्यावयाचा आकडा शेजारी शेजारी लिहावा, आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती परत मिळेल हे तिसऱ्या रकान्यात. जहाजावर मद्यगृह आणि कॅसिनोही असतो. सप्त व्यसनांची आठवण दादाजींनी करून दिली नाही. मोठ्या नातवाकडे एकदा पाहिले, तेवढे पुरे झाले.

एवढे ठरल्यावर शेवटची अडचण आली, आणि ती त्याच विधीच्या विद्यार्थ्याने शोधून काढली. भारताची सीमा समुद्रात नेमकी कोठे संपते? १९७६ च्या कायद्याप्रमाणे देशाचे सार्वभौमत्व किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंत आहे. जहाज त्याच्या बाहेरूनही जाऊ शकते. मात्र अनन्य आर्थिक क्षेत्र दोनशे सागरी मैलांचे आहे, तेव्हा तेही भारताचेच मानता येईल, असा युक्तिवाद त्याने मोठ्या उत्साहाने मांडला. दादीजींनी पूर्ण ऐकून घेतला, त्याच्या अभ्यासाचे कौतुक केले आणि म्हणाल्या, “बेटा, जी रेषा दाखवायला वकील लागतो, ती माझ्या व्रताची नव्हे. मी लिहिताना जमीनच मनात धरली होती.” ज्याने व्रत घेतले त्यालाच त्यावेळचा भाव ठाऊक असतो, संशय आला तर कमी अंतर आपले मानावे.

मग कोणी म्हणाले, जहाजच रद्द करू. दादीजींनी त्याला साफ नकार दिला. “व्रत मी घेतले आहे, तुम्ही नाही. माझ्या व्रताने तुम्हांला बांधले तर उद्या तुम्ही व्रतालाच कंटाळाल.” दादाजींचे नाव तक्त्यात काही दिवस प्रश्नचिन्हासह राहिले. तरुणपणी कापडाच्या खरेदीसाठी मुंबईला मूळजी जेठा मार्केटात जात, तेव्हा काम आटोपून ते धक्क्यावर जहाजे पाहत उभे राहत, हे घरात एकट्या दादीजींना माहीत होते. ते प्रश्नचिन्ह त्यांनीच खोडले. पन्नास वर्षांच्या संसारात दोघे तीर्थयात्रेला कधी एकमेकांविना गेले नाहीत. आता दोन-तीन रात्री दादीजी मुलुंडला भावाकडे राहतील आणि दादाजी अरबी समुद्रावर असतील.

तरीही एक उणीव उरत होती, आणि ती नकाशाने भरून काढली. खोपोलीहून पेण, वडखळ करीत सुमारे दोन तासांत मांडव्याला पोहोचता येते. मांडवा ते मुंबईतील भाऊचा धक्का अशी रो-रो सेवा मार्च २०२० पासून आहे. गाडीसकट जहाजात चढायचे आणि तासाभरात मुंबईत उतरायचे. रस्त्याने हेच अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. ही वाट सगळी मुंबई बंदराच्या तोंडातून, दोन्ही बाजूंना जमीन दिसत राहते. येथे कायदा काढावा लागत नाही आणि वहीही. बाराच्या बारा माणसे या जहाजावर असतील. दादीजींचे सामायिक त्या दिवशी जहाजावर करण्याचे ठरले आहे. ईशान्य दिशा कोणती, ती जहाज वळले की बदलेल का, याची जबाबदारी अकरा वर्षांच्या नातवाने आपल्या होकायंत्रासह घेतली आहे.

या बेताकडे पाहिले म्हणजे जाणवते, की आपल्या घरांत सहलीचे नियोजन उलट्या टोकाने सुरू होते. आधी ठिकाण, मग तिकीट, मग ‘जैन जेवण मिळेल ना’ एवढीच चौकशी, आणि घरातील वडीलधारे ‘आम्ही नाही येत’ म्हणाले की त्यांच्या प्रकृतीचे कारण समजून पुढे जायचे. त्या नकारामागे कधी गुडघे असतात, कधी पैशाची चिंता, आणि कधी एखाद्या वहीत लिहिलेली ओळ असते, जी विचारल्याशिवाय सांगितली जात नाही. दिशा-परिमाणाचा पाचवा अतिचार म्हणजे स्वतःच्या मर्यादेचे विस्मरण. घरातल्या माणसाची मर्यादा आपण विसरलो तर त्याला शास्त्रात अतिचार म्हटलेले नाही. पण तिचे स्मरण ठेवायला फार कष्टही पडत नाहीत. तिकिटे काढण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांना एकत्र बसवून प्रत्येकाला विचारावे, तुमचे पच्चक्खाण काय, तुमची भीती काय, तुमची हौस काय. लहानांनाही विचारावे. उत्तरे लिहून ठेवावी आणि मगच नकाशा उघडावा.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. जळगावच्या त्या घरातील दिनदर्शिकेवर ती तारीख लाल शाईने घेरलेली आहे. खाली दादीजींच्या अक्षरात, त्याच वहीतल्यासारख्या अक्षरात, मांडव्याच्या बोटीची वेळ लिहिलेली आहे.